चेस पायमध्ये काय घालू? (बुद्धिबळाशी संबंध नाही)

गवतीचहा | १२ नोव्हेंबर
नमस्कार मंडळी, नॅशविलला येऊन आम्हाला दीड वर्ष झालं. शेजारी एक आजी राहतात, पंचाहत्तरीच्या पुढच्या, जन्म इथलाच टेनेसीचा. गेल्या महिन्यात त्यांना दिवाळीचा फराळ दिला. रिकामं भांडं परत करू नये हे इथेही असावं, कारण चार दिवसांनी माझं ताट आलं तर त्यात एक पाय होता. (हसायचं ते आत्ताच हसून घ्या, हा शब्द पुढे पन्नास वेळा येणार आहे.)

नाव चेस पाय, म्हणजे पारीत गोड कस्टर्ड ओतून भट्टीत भाजलेला इथला पदार्थ. फळ नाही, सुकामेवा नाही, काही नाही. वरून बघितलं तर पिवळट-तपकिरी, पापुद्रा तडकलेला, आत मऊ लुसलुशीत. मी पाककृती मागितली तर आजींनी तोंडीच सांगितली: ४ अंडी, २ कप साखर, अर्धा कप वितळवलेलं लोणी, पाव कप दूध, २ टेबलस्पून कॉर्नमील, १ टेबलस्पून मैदा, १ टेबलस्पून पांढरं व्हिनेगर, अर्धा चमचा व्हॅनिला, चिमूटभर मीठ. सगळं कालवायचं, ९ इंची पारीत ओतायचं, ३५० फॅरनहाइटला ५० मिनिटं. बस्स.

आता प्रश्न. थँक्सगिव्हिंगला त्यांनी जेवायला बोलावलंय आणि मी उत्साहात "पाय मी आणते" म्हणून बसले. तुमचाच करीन पण थोडी आमची चव देऊन, असंही बोलले. त्या म्हणाल्या, दे की, ह्याचे वाटेल तेवढे प्रकार होतात. तर वेलची-केशर? आंबा? नारळ? शिवाय गोडाचं काय करू? दोन कप साखर म्हणजे ४०० ग्रॅम हो! आमच्या ह्यांनी दुसरा घास घेतलाच नाही.

टवाळ_बोका | १२ नोव्हेंबर
उंटाचा पाय की घोड्याचा? घोड्याचा असेल तर अडीच घासात संपवावा लागेल.

राली_ते_रावेत | १२ नोव्हेंबर
आमचा विषय! नॉर्थ कॅरोलिनात १२ वर्षं काढली, इथे हा पाय चर्चच्या जेवणापासून हॉटेलापर्यंत सगळीकडे भेटतो. आजींचं खरं आहे, हा मुळात कोऱ्या कागदासारखा प्रकार आहे, त्यावर जो तो आपापलं लिहितो. मी खाल्लेले सांगतो.

लेमन चेस माझ्या मते सगळ्यात वरचा. आजींच्या मापात व्हिनेगर काढायचं आणि एक तृतीयांश कप लिंबाचा रस, वर २ चमचे किसलेली साल. गोडाचा जो आरडाओरडा असतो तो जागच्या जागी बसतो.

चॉकलेट चेस म्हणजे त्याच मिश्रणात तीन-चार टेबलस्पून कोको. रालीला अँगस बार्न म्हणून मोठं स्टेकहाउस आहे, १९६० पासूनचं, त्यांचा चॉकलेट चेस पाय नावाजलेला आहे. आम्ही शाकाहारी मंडळी स्टेकहाउसात पायासाठी जातो, आता हसा.

नारळाचाही असतो, एक कप भाजलेला नारळ घालून. बटरमिल्कचा हा त्याचा सख्खा भाऊ. पेकन पाय चुलतभाऊ, त्यात साखरेच्या जोडीला कॉर्न सिरप आणि वर पेकन, म्हणजे अक्रोडासारखा सुकामेवा. अननसाचा एकदा एका शेजाऱ्यांकडे खाल्ला, पुन्हा विचारलं तर नको म्हणेन.

तुमच्या ह्यांच्यासाठी लेमन करा, डोळे झाकून.

शुद्धतूप | १३ नोव्हेंबर
स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आपल्या लोकांना एक खोड आहे. तिरामिसू दिसला की वेलची, चीजकेक दिसला की केशर, ब्राउनी दिसली की गुलकंद. सगळ्याचं शेवटी श्रीखंड करून सोडायचं. बाईंनी एवढ्या प्रेमाने त्यांची पिढीजात पाककृती दिली, ती आधी चार वेळा जशीच्या तशी करा, हात बसू दे, मग काय ते प्रयोग. उद्या त्यांनी तुमच्या पुरणपोळीत व्हॅनिला घातला तर?

चकलीबाई | १३ नोव्हेंबर
@शुद्धतूप अहो पण आजींनीच परवानगी दिलीय ना? आणि पुरणात कुणी सुंठ घालतं, कुणी जायफळ, कुणी वेलची, कुणी गुळाचं करतं कुणी साखरेचं. ते काय बाटलं का?

टवाळ_बोका | १३ नोव्हेंबर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. वेलची घालून.

पुण्यातली_ओटीजी | १३ नोव्हेंबर
ताई मी हा धागा वाचून काल रात्रीच केला!! म्हणजे करायला घेतला. कॉर्नफ्लोअर घरात होतंच, दोन मोठे चमचे घातले. पारीसाठी ते खालून निघणारं केकचं भांडं वापरलं. पहिल्या दहा मिनिटात वितळलेलं लोणी फटीतून खाली कॉइलवर, घरभर धूर, बाबा "गॅस बंद कर" म्हणून ओरडतायत आणि मी सांगतेय गॅस नाहीये. शेवटी जो निघाला तो वरून बरा आणि आतून अगदी गुळगुळीत, कापडाला लावायची खळ असते ना तसा. चव मात्र छान होती, भाऊ चमच्याने खात बसला. काय चुकलं?

भिंगातून | १३ नोव्हेंबर
@पुण्यातली_ओटीजी, दोन चुका, दोन्ही प्रामाणिक. एक, भांडं. अखंड तळाचं घे, पाय डिश नसेल तर स्टीलची पसरट थाळी किंवा काठ असलेलं ताटसुद्धा चालतं. दोन, आपल्याकडे दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून जे पांढरं मऊ पीठ मिळतं तो मक्याचा नुसता स्टार्च आहे, मांचुरियनवाला. आजींचं कॉर्नमील म्हणजे अख्ख्या मक्याचं जाडसर पीठ, पिवळं किंवा पांढरं. मक्याच्या भाकरीसाठी आणतो ते, शक्यतो रवाळ. ते घातलं की वरचा पापुद्रा जरा कणीदार होतो, ती ह्या पायाची खूण.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण माझं पोट अन्नशास्त्रावर चालतं आणि असे धागे रोज निघत नाहीत.

साखर कमी करायला सगळ्यांचा हात शिवशिवतोय, पण इथे साखर फक्त गोडीला नाहीये. अंड्यातली प्रथिनं तापली की एकमेकांना धरतात आणि कस्टर्ड घट्ट होतं. साखर जास्त असली की हे धरणं उशिरा, जास्त तापमानाला आणि सावकाश होतं, म्हणून पोत रेशमी येतो. साखर निम्मी केलीत तर तोच वेळ आणि तीच आच अंड्याला जास्त होते आणि तुम्हाला गोड ऑम्लेट मिळतं. वरचा तडकलेला पापुद्राही साखरेचाच खेळ, तोही जातो. मी स्वतः उतरत उतरत दीड कपापर्यंत आलोय, तिथवर काही बिघडत नाही. एक कपाला अंड्याचा वास यायला लागला.

मैदा आणि मक्याचं पीठ अंड्याला फुटण्यापासून वाचवतात. आणि व्हिनेगर! लोक हेच आधी काढतात, "गोडात व्हिनेगर कशाला" म्हणून. एवढ्या साखरेत तो एक चमचा आंबटपणा नसेल तर जीभ तिसऱ्या घासाला संप करते. लिंबू घाला, ताक घाला, व्हिनेगर घाला, पण काहीतरी आंबट हवंच. चव काय वाटेल ती बदला, ही एक जागा रिकामी ठेवू नका.

आणि फेटू नका हो. नुसतं ढवळा. हवा भरली की भट्टीत फुगतो आणि बाहेर काढल्यावर मधोमध खड्डा.

गवतीचहा | १३ नोव्हेंबर
@भिंगातून बापरे, केवढं छान समजावलंत. झाला हे कसं ओळखायचं? आजी म्हणाल्या "तुला कळेल". मला कळत नाही.

भिंगातून | १३ नोव्हेंबर
डिश हलकेच हलवा. कडा घट्ट आणि मधला दोन-तीन इंचाचा भाग जेलीसारखा थरथरला की बाहेर. पाण्यासारखी लाट आली तर अजून वेळ आहे. बाहेर काढल्यावर आतल्या उष्णतेने उरलेलं शिजतं. तीन-चार तास थंड होऊ द्या, मगच सुरी. वरून लवकर लाल व्हायला लागला तर फॉइलची सैल टोपी घाला.

ह्यूस्टनचा_हापूस | १४ नोव्हेंबर
आंब्याचं विचारलंत म्हणून. इथे थँक्सगिव्हिंगला देशी घरांतून जो मँगो पाय फिरतो तो वेगळा, तो डब्यातला केसर रस, क्रीम चीज आणि जिलेटिन घालून फ्रीजमध्ये सेट करतात, भट्टीतला नाही. मी शहाणपणा करून चेस पायात एक कप आंबारस ओतला होता. डब्यातला रस आधीच गोड आणि वर पाणी फार. दोन तास भाजला तरी मधे डबकं. शेवटी वाट्यांमधून "आंब्याचं कस्टर्ड" म्हणून वाढलं, पाहुण्यांना पत्ता लागला नाही, बायकोला लागला.

घालायचाच असेल तर रस आधी कढईत आटवून घ्या, बासुंदीसारखा, आणि दुधाच्या जागी तेवढाच पाव कप घाला. मग वास येतो, आंबा फारसा लागत नाही. म्हणजे खटाटोप कशाला?

वाचनमात्र | १४ नोव्हेंबर
सहा वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. नावाबद्दल कुणीच बोललं नाही. तीन कथा ऐकायला मिळतात. एक, कुणीतरी विचारलं हा कसला पाय, तर बाई दक्षिणी हेल काढून म्हणाल्या "जस्ट पाय", त्याचं ऐकणाऱ्याने चेस केलं. दुसरी, पूर्वी पाय ठेवायच्या कपाटाला पाय चेस्ट म्हणायचे, एवढी साखर असल्यामुळे हा बाहेर टिकायचा, म्हणून चेस्ट पाय. तिसरी जरा जुनी, इंग्लंडमध्ये लिंबू-अंडं-लोण्याच्या घट्ट मिश्रणाला चीज न घालताही चीज म्हणत, ते शिजवून रवाळ होतं म्हणून, आणि तेच चीज इथे येऊन चेस झालं. मला तिसरी पटते, कारण पदार्थ मुळात तिकडूनच आला. पण सांगायला पहिलीच मजेची.

टवाळ_बोका | १४ नोव्हेंबर
सहा वर्षांनी तोंड उघडलं आणि थेट व्युत्पत्ती. स्वागत आहे.

शुद्धतूप | १४ नोव्हेंबर
@वाचनमात्र उत्तम माहिती. म्हणजे बघा, "जस्ट पाय". नुसता पाय. नुसता! काही न घालता!

राली_ते_रावेत | १४ नोव्हेंबर
@शुद्धतूप पण गंमत अशी आहे की नुसता पाय हीच एक तडजोड होती. हिवाळ्यात फळं नसायची, लिंबू महाग, घरात काय तर अंडी, लोणी, साखर, मका. त्यातून गोड काढायचं. अशा पायांना इथे डेस्परेशन पाय म्हणतात, म्हणजे निकडीचे. व्हिनेगर पाय तर सरळ लिंबू नाही म्हणून व्हिनेगर, असा. तेव्हा ज्याच्या घरात जे असेल ते घालणं हीच ह्याची परंपरा आहे. गवतीचहांच्या घरात वेलची आहे.

चकलीबाई | १४ नोव्हेंबर
+१, चेकमेट.

कोल्हापुरी_केंटकीत | १५ नोव्हेंबर
केंटकीवाले आम्ही मागे का राहू? आमच्याकडे ट्रान्सपरंट पाय असतो, ओहायो नदीच्या काठावरच्या मेसव्हिल गावाचा खास. अंडी, लोणी, साखर, थोडी साय, चिमूट मैदा. मक्याचं पीठ नाही, म्हणून कापला की आतून अर्धपारदर्शक, मधासारखा दिसतो. तिथल्या मॅगीज बेकरीचं नाव ह्याच्यावरच झालं. (हो, मॅगी. दोन मिनिटात नाही होत.)

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. इथे आणि टेनेसीत सप्टेंबर-ऑक्टोबरात सॉर्गम सिरप निघतं. पहिल्यांदा बरणी बघितली, वर चित्र बघितलं आणि म्हटलं अरे ही तर ज्वारी! गोड ज्वारीची ताटं चरकातून काढायची, रस पसरट कढईत आटवायचा, फेस काढत बसायचं. आमच्या गावच्या गुऱ्हाळाची आठवण झाली, फक्त ऊस नाही. म्हणजे ही ज्वारीची काकवीच. आपल्याकडे फलटणला निंबकरांच्या संस्थेनेही गोड ज्वारीवर बरंच काम केलंय, मधुरा नावाचं वाण आणि त्याची काकवीसुद्धा.

तर ह्या काकवीचा चेस पाय करतात. अर्धी साखर काढून त्या जागी पाऊण कप काकवी, दूध घालायचं नाही, मक्याचं पीठ एक चमचा वाढवायचं. किंचित कडसर, मातकट चव येते, ज्यांना गूळपोळी आवडते ते हा पाय सोडणार नाहीत. गवतीचहा ताई, तुम्हाला "आपली चव" हवीय ना, मग वेलचीच्या मागे का लागता, ज्वारी घाला. आजीही खूश, तुम्हीही.

चकलीबाई | १५ नोव्हेंबर
@कोल्हापुरी_केंटकीत हा प्रतिसाद सेव्ह केला. गूळ चालेल का पण सरळ? सॉर्गम आमच्या न्यू जर्सीत कुठे शोधू?

भिंगातून | १५ नोव्हेंबर
चालतो. ब्राउन शुगर चेस पाय असा प्रकार आहेच, त्या जागी गूळ. दूध फाटेल अशी भीती असेल तर दूधच जेमतेम पाव कप आहे, तेही वगळा. गूळ मात्र अगदी थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर दाताखाली खडे. आणि अर्धा गूळ अर्धी साखर ठेवा, सगळा गूळ घातला तर पापुद्रा येत नाही, वरून काळपट आणि चिकट राहतो.

गवतीचहा | १५ नोव्हेंबर
मंडळी थोडी अडचण आहे. सासूबाई आल्यात महिनाभर. आणि कॅलेंडर बघितलं तर थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला चौथा गुरुवार, आणि यंदा तोच मार्गशीर्षातला पहिला गुरुवार! त्यांना अंडं अजिबात चालणार नाही, एरवीही नाहीच, त्या दिवशी तर विचारायलाच नको. अंड्याशिवाय चेस पाय होईल का?

शुद्धतूप | १५ नोव्हेंबर
नाही. पुढचा प्रश्न.

पुण्यातली_ओटीजी | १५ नोव्हेंबर
कस्टर्ड पावडर घालून?

भिंगातून | १५ नोव्हेंबर
इथे मी शुद्धतूपांच्या बाजूने. चेस पाय म्हणजे अंड्याचं कस्टर्ड, अंडं काढलं तर तो चेस नाही. पण नाराज होऊ नका, इंडियानात शुगर क्रीम पाय असतो, त्याला हूझिअर पायही म्हणतात, २००९ मध्ये तिथल्या सिनेटने त्याला राज्याचा पाय म्हणून मान दिला. त्यात मुळातच अंडं नसतं! साय, साखर, लोणी आणि घट्ट करायला कॉर्नस्टार्च, वरून जायफळ. म्हणजे @पुण्यातली_ओटीजी, तुझं ते चुकलेलं कॉर्नफ्लोअर इथे बरोबर. सायीत कालवून मंद आचेवर खळीसारखं होईपर्यंत ढवळायचं, मग भाजलेल्या पारीत ओतून वर दालचिनी-जायफळ, थोडा वेळ भट्टीत. सासूबाईंना हा द्या.

पुण्यातली_ओटीजी | १५ नोव्हेंबर
म्हणजे मी चुकले नव्हते, फक्त राज्य चुकलं!

बडबड_मावशी | १६ नोव्हेंबर
गवतीचहा, एक महत्त्वाचं. तयार पारी आणणार असशील तर मागचं लेबल वाच. फ्रीजमधल्या काही तयार पारींत लार्ड असतं, म्हणजे डुकराची चरबी. आमच्याकडे एकदा भिशीला कळलं, अर्धा पाय खाऊन झाल्यावर, आणि कुणी ब्रँड सांगितला नाही म्हणून अजून एकमेकींकडे बघतोय. त्यापेक्षा घरी कर. करंजीची पारी येते ना? मग हे काहीच नाही. फक्त मोहन कडकडीत नाही तर उलट, बर्फासारखं थंड लोणी, हरभऱ्याएवढे तुकडे, पिठात बोटांनी चुरायचं, थंड पाण्याने जेमतेम गोळा. मळायचं नाही!! तुमच्या टेनेसीत व्हाइट लिली म्हणून मऊ गव्हाचा मैदा मिळतो, १८८३ पासूनचा, मूळ नॉक्सव्हिलचा. त्याची पारी विरघळते तोंडात.

आणि ओतण्याआधी पारी कोरडी भाजून घे, वर कागद आणि त्यावर राजमा नाहीतर चणे ठेवून. नाहीतर खाली गिच्च गोळा राहतो. तो राजमा नंतर शिजवू नको, मी शिजवला होता.

टवाळ_बोका | १६ नोव्हेंबर
मावशी, राजमा विषय निघालाच आहे तर…

राली_ते_रावेत | १६ नोव्हेंबर
@टवाळ_बोका तू थट्टा करतोयस पण खरंच बीन पाय असतो! नेव्ही बीन्स म्हणजे बारीक पांढरा राजमा शिजवून, वाटून, त्यात अंडी, साखर, लोणी, दूध, दालचिनी, जायफळ. नेशन ऑफ इस्लामच्या कृष्णवर्णीय मुस्लिम मंडळींनी हा रुजवला, एलायजा मुहम्मद ह्यांनी रताळ्याऐवजी हे बीन्स खा असं सांगितलं होतं म्हणून. रताळ्याच्या पायाला पर्याय. अटलांटात एकदा रस्त्यात सूट-बो घातलेल्या एका माणसाकडून घेतला, गाडीत बसून खाल्ला आणि बायको म्हणाली, "अरे हे पुरण आहे". डाळ शिजवून वाटून गोड करायची कल्पना आपलीच आहे असं इतकी वर्षं वाटत होतं.

चकलीबाई | १६ नोव्हेंबर
मग हरभऱ्याच्या डाळीचा पाय?? जायफळ घालून? कुणी केलाय? मी करणार.

पोटोबा_आधी | १७ नोव्हेंबर
अवांतर: नॅशविलला मीट अँड थ्री म्हणून हॉटेलं असतात. एक मटण-चिकन काय ते आणि तीन भाज्या. त्या भाज्यांच्या यादीत मॅकरोनी चीज असतं. भाजी म्हणून. अशा लोकांना तुम्ही वेलची घालताना इतका विचार करताय?

बटाटावडा_बफेलो | १७ नोव्हेंबर
बटरमिल्क पायाचं कुणी नीट सांगेल का? मी घरचं ताक एक कप घातलं, पाणचट झालं.

बडबड_मावशी | १७ नोव्हेंबर
आपलं ताक नाही गं चालत, आपण पाणी घालतो. पूर्वी इथेही बटरमिल्क म्हणजे लोणी काढल्यावर राहिलेलं ताकच होतं, पण आता दुकानात मिळतं ते विरजण लावलेलं दूध, घट्ट. घरचं दही पाणी न घालता घुसळ, अगदीच घट्ट वाटलं तर दोन चमचे दूध. १ कप ते, ३ अंडी, दीड कप साखर, अर्धा कप लोणी, ३ टेबलस्पून मैदा, आणि जायफळ. जायफळ विसरायचं नाही. मला तर त्याचा पोत खरवसासारखा वाटतो, गायीच्या पहिल्या चिकाचा, तसाच कसदार. अंडं-दूध-जायफळ म्हटल्यावर पारशांचं लगन नु कस्टर्डही आठवतं.

कोल्हापुरी_केंटकीत | १७ नोव्हेंबर
मावशींनी नकळत वाद मिटवला की. जायफळ! इथल्या जुन्या कस्टर्ड पायांवर जायफळ किसतातच, आणि आपल्याकडे श्रीखंडात, पुरणात, बासुंदीत. त्यांचंही, आपलंही. शुद्धतूप साहेब, आता तरी?

शुद्धतूप | १७ नोव्हेंबर
जायफळाला हरकत नाही. ते मुळात तिथलं आहे.

टवाळ_बोका | १७ नोव्हेंबर
मुळात तिथलं? जायफळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. शुद्धतूपात भेसळ सापडली. (दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या)

गवतीचहा | १८ नोव्हेंबर
ठरलं. तीन करणार. एक आजींचा जसाच्या तसा, शुद्धतूपांच्या नावाने. एक नारळ-जायफळाचा. आणि एक इंडियानावाला बिनअंड्याचा सासूबाईंसाठी. साखर दीड कप. सराव रविवारी.

बडबड_मावशी | १८ नोव्हेंबर
इंडियन स्टोअरचा गोठवलेला खवलेला नारळ घेतलास तर आधी कोरडा भाज, पाणी फार असतं त्यात. आणि इथल्या दुकानातला पांढरा नारळ घेतलास तर साखर लावलेला आहे का बघ.

राली_ते_रावेत | १८ नोव्हेंबर
लेमन कुणीच ऐकत नाही. बरं.

ह्यूस्टनचा_हापूस | २१ नोव्हेंबर
@राली_ते_रावेत मी ऐकलं! फरक एवढाच की पिवळ्या लेमनऐवजी की लाइमचा रस घातला. ते म्हणजे आपलं कागदी लिंबूच, तोच वास. साल मात्र थोडीच किसली, पातळ असते, जरा जास्त झाली की कडू. ह्या खेपेला बायको काही बोलली नाही, नुसती दुसरी फोड घेतली.

पुण्यातली_ओटीजी | २२ नोव्हेंबर
दुसरा प्रयत्न यशस्वी! गिरणीतून मक्याचं जाड पीठ आणलं, स्टीलची थाळी, १७५ सेल्सिअस, खालच्या कप्प्यात. घरी मीठवालंच बटर होतं म्हणून वेगळं मीठ घातलं नाही. वर पापुद्रा तडकला!! आजी म्हणाली अनारशासारखा दिसतोय. धूर नाही.

गवतीचहा | २९ नोव्हेंबर
आले. उशीर झाला, भांडी परवापर्यंत घासत होते.

सासूबाईंचा शुगर क्रीम उत्तम झाला, त्या म्हणाल्या "ही तर गार बासुंदी, खाली बिस्किट". दोनदा घेतला.

आजींचा मूळ पाय छान तडकला. आणि नारळ-जायफळाचा… दिसायला तिन्हीत देखणा. आजींनी एक घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हनी, व्हिनेगर विसरलीस का?" मी विसरले होते! नारळ भाजण्याच्या नादात बाटली ओट्यावर तशीच. भिंगातून, तुम्ही एवढं बजावलं होतंत आणि तेच. दोन घासांनंतर खरंच जीभ थांबत होती. मला रडू यायचं बाकी होतं, तेवढ्यात आमच्या ह्यांनी टर्कीसाठी ठेवलेला क्रॅनबेरी सॉस उचलला आणि चमचाभर पायावर ओतला. आंबट-तुरट, त्याने ती नको इतकी गोडी लागलीच नाही. मग सगळ्या टेबलाने तसंच खाल्लं. आजींचा मुलगा म्हणाला ही भारतीय पद्धत आहे का. हे "हो" म्हणाले.

आणखी एक कळलं. आम्ही पहिल्यांदा पाव पाय कापून घेतला होता, म्हणून घास उतरत नव्हता. तिथे बघितलं तर आजी दोन बोटं रुंद फोड घेतात, बरोबर बिनसाखरेची काळी कॉफी. कॉफीत साखर घालू का विचारलं तर हसल्या.

निघताना म्हणाल्या, पुढच्या वेळी त्या लाडवात होतं ते हिरवं काहीतरी घालून बघ.

चकलीबाई | २९ नोव्हेंबर
वेलची!!!!! @शुद्धतूप @शुद्धतूप @शुद्धतूप

शुद्धतूप | २९ नोव्हेंबर
आजींनी सांगितलं असेल तर पाव चमचा. ताजी कुटून. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

टवाळ_बोका | २९ नोव्हेंबर
तो क्रॅनबेरी सॉस उरलाय का?